साथीच्या काळात अपार्टमेंटमधील घरांत कामाला जाताना घ्यावयाची काळजी

टाळेबंदी लागली म्हणून नळ गळायचा थांबत नाही आणि शॉर्टसर्किट व्हायचे राहत नाही. मार्च २०२० पासून पुढची दोन वर्षे कोल्हापुरातील प्लंबर, वायरमन, फ्रिज-एसीचे मेकॅनिक, गॅसची शेगडी दुरुस्त करणारे, पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग करणारे आणि धुणेभांडी करणाऱ्या मावशी यांना परक्या घरांत जावेच लागले. त्यांतील बहुतेकांना नेमकी काळजी कशाची घ्यायची हे कोणी नीट सांगितले नाही. सांगितलेच तर ते वॉचमनच्या केबिनवर चिकटवलेल्या नोटिशीतून, आणि त्या नोटिशीत बहुधा एकच वाक्य असे: बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही. २०२१ च्या जून-जुलैत राज्यातील बऱ्याच जिल्ह्यांत दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापुरात रुग्णसंख्या लवकर खाली येत नव्हती, आणि त्याच जुलैत पंचगंगेला महापूर आला. पोटासाठी बाहेर पडणाऱ्या माणसांची तेव्हा झालेली ओढाताण पाहता ही माहिती साथ येण्यापूर्वीच हाताशी असलेली बरी. येथे लिहिलेले सर्व कोविडचा अनुभव समोर ठेवून लिहिले आहे. परंतु स्वाइन फ्लूसारख्या, श्वासावाटे पसरणाऱ्या कोणत्याही साथीला ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी हवा, मग हात, वस्तू शेवटी

कोविडच्या पहिल्या काही महिन्यांत घरोघरी दुधाच्या पिशव्या धुतल्या जात होत्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली जात होती आणि नोटांना इस्त्री केली जात होती. पुढे स्पष्ट झाले की हा आजार वस्तूंवरून क्वचित आणि हवेतून फार पसरतो. बोलताना, खोकताना किंवा नुसता श्वास सोडतानाही तोंडातून बारीक तुषार बाहेर पडतात. त्यांतील मोठे एक-दोन मीटरच्या आत खाली बसतात, परंतु अतिसूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, माणूस निघून गेल्यावरसुद्धा. त्यामुळे कामाच्या ठिकाणचा धोका प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतो: खोली किती बंद आहे, तेथे किती वेळ थांबायचे आहे आणि तेथे किती मोठ्याने बोलले जात आहे. ड्रिल मशीन चालू असताना एकमेकांच्या कानाशी येऊन ओरडून सूचना देण्याची आपल्याकडची सवय या दृष्टीने सर्वांत वाईट आहे. मशीन थांबवावे, चार पावले मागे यावे आणि मगच बोलावे.

कारागिराची पिशवी दारातच फवारून घ्यायची आणि मग खिडक्या लावलेल्या हॉलमध्ये त्याच्याशेजारी उभे राहून तासभर गप्पा मारायच्या, अशी घरे थोडी नव्हती. काळजी घेण्याची ताकद आणि वेळ दोन्ही मर्यादित असतात, म्हणून ती कोठे खर्च करायची याचा क्रम पक्का असावा. पुढील सर्व सूचना याच क्रमावर उभ्या आहेत.

निघण्यापूर्वी फोनवर

निम्मी काळजी घरात पाऊल टाकण्यापूर्वीच घेता येते. काम ठरवताना कारागिराने विचारून घ्यावे की घरात कोणाला ताप, खोकला किंवा घसादुखी आहे का, कोणी विलगीकरणात आहे का, आणि फार वयस्कर, गरोदर किंवा केमोथेरपी, डायलिसिस चालू असलेले कोणी घरात आहे का. पहिले दोन प्रश्न कारागिराच्या जिवासाठी आहेत, तिसरा घरच्यांच्या. असे विचारले तर गिऱ्हाईक दुखावेल अशी धास्ती पुष्कळांना असते. म्हणून प्रश्न त्या घरापुरता न ठेवता सर्वांसाठीचा नियम म्हणून विचारावा. "काकू, सगळ्याच घरांत विचारतोय, राग मानू नका, घरात कुणाला बरं नाही असं काही आहे का?" एवढ्या शब्दांत विचारले तर सहसा कोणी रागावत नाही. हाच प्रश्न घरमालकाने कारागिरालाही विचारावा आणि "जरा कणकण आहे, पण येतो" असे उत्तर आले तर काम दोन-चार दिवस पुढे ढकलावे.

त्यानंतर बिघाडाचा फोटो किंवा छोटा व्हिडिओ मागवून घ्यावा. नळाचे स्पिंडल कोणत्या मापाचे आहे, एमसीबी किती अँपिअरचा आहे, शेगडीचा बर्नर कोणत्या कंपनीचा आहे हे आधी कळले तर माल बरोबर नेता येतो. नाही तर अर्धे काम सोडून लक्ष्मीपुरीच्या बाजारापर्यंत फेरी, पुन्हा तीच लिफ्ट आणि पुन्हा तेच घर असा दुप्पट संपर्क होतो. काही बिघाड तर फोनवरच मार्गी लागतात, जसे की खाली पडलेला ट्रिप स्विच वर करणे किंवा गळणाऱ्या फिल्टरचा कॉक बंद करणे. मात्र भेट टाळायची म्हणून घरच्या माणसाला विजेचा बोर्ड उघडायला कधीही सांगू नये.

दिवसाची आखणी करताना ज्या घरात जोखमीचे माणूस आहे ते घर सकाळी पहिले घ्यावे आणि जेथे नुकताच आजार होऊन गेला आहे ते सर्वांत शेवटी. या साध्या क्रमाला पैसा लागत नाही, आणि तरीही तो फार थोडे लोक पाळतात.

स्वतःचा ताप रोज सकाळी मोजावा, तो १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक भरला तर कामाला जाऊ नये. मात्र ताप नाही म्हणजे संसर्ग नाही असे समजू नये, कारण कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना आजार देऊ शकतो. फाटकावर कपाळाला लावल्या जाणाऱ्या तापमापक बंदुकीवर यामुळेच फार विसंबून राहता येत नाही. एप्रिलच्या उन्हात उचगावहून मोटारसायकलवर आलेल्या माणसाचे कपाळ तापलेले असणारच; त्याला दहा मिनिटे सावलीत बसू द्यावे आणि पुन्हा मोजावे, लगेच परत पाठवू नये.

मास्क कोणता आणि कसा

बंद घरात तासभर काम करायचे असेल तर एन-९५ दर्जाचा मास्क वापरावा, आणि तो नसेल तर तीन पदरी सर्जिकल मास्क. रुमाल, ओढणी किंवा एक पदरी कापडी मास्क यांचा उपयोग अगदीच थोडा होतो. समोर प्लॅस्टिकची झडप असलेला मास्क घेऊ नये, कारण त्या झडपेतून आत जाणारी हवा गाळली जात असली तरी बाहेर पडणारा श्वास न गाळता सुटतो आणि घरच्यांना काहीच संरक्षण मिळत नाही. एन-९५ चे सारे काम तो चेहऱ्याला किती घट्ट बसतो यावर अवलंबून असते. दाट दाढी असेल तर कडेने हवा येते, म्हणून साथीपुरती दाढी काढणे किंवा अगदी बारीक ठेवणे हिताचे आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी आणि जोराने श्वास सोडून पाहावा. डोळ्यांकडे गरम हवा आली किंवा चष्म्यावर वाफ धरली तर मास्क नीट बसलेला नाही असे समजावे.

एन-९५ रोज नवा घेणे कोणालाही परवडणारे नाही. त्याऐवजी पाच मास्क घेऊन पाच कागदी पाकिटांवर वार लिहावेत आणि एकदा वापरलेला मास्क त्याच्या पाकिटात चार-पाच दिवस कोरडा पडू द्यावा. तो धुऊ नये, उन्हात तापवू नये आणि त्यावर सॅनिटायझर फवारू नये, कारण धुण्याने आणि अल्कोहोलने मास्कमधील स्थिर विद्युतभार नाहीसा होतो आणि त्याची सूक्ष्म कण अडवण्याची शक्ती जाते. पट्टे सैल पडले, मास्क मळला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागले की तो टाकावा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. रेनकोट घातलेला असला तरी तोंडावरचा मास्क भिजतोच, आणि ओला मास्क नीट गाळत नाही व दमही लागतो. गाडी चालवताना एकटे असाल तर एन-९५ घालण्याची गरज नसते. तो कोरड्या डब्यात ठेवावा आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पोहोचल्यावर हात पुसून मग घालावा.

इमारतीच्या फाटकापासून दारापर्यंत

वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि फ्लॅट नंबर लिहिताना स्वतःचे पेन वापरावे. रजिस्टरचा उपयोग पुढे संपर्क शोधण्यासाठी होतो, म्हणून त्यात खोटा किंवा अर्धा मोबाइल नंबर लिहू नये. सोसायटीने पार्किंगमधील नळाजवळ जाळीच्या पिशवीत साबणाची वडी टांगून ठेवली तर तेवढ्यावर भागते; पायाने दाबायची सॅनिटायझरची महागडी स्टँडे शहरभर आली आणि महिन्याभरात त्यांतील बऱ्याच स्टँडांमधल्या बाटल्या रिकाम्या राहू लागल्या. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्याचा प्रकार तर कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच स्पष्ट केले होते की अशा फवारणीचा उपयोग होत नाही आणि डोळे, त्वचा व श्वासनलिकेला इजा होऊ शकते.

लिफ्टमध्ये शक्यतो एकट्याने जावे, बोलू नये आणि फोनही घेऊ नये. राजारामपुरी-शाहूपुरीतील कमी मजल्यांच्या जुन्या अपार्टमेंटांमध्ये लिफ्ट नसल्याने हा प्रश्न येत नाही, पण ताराबाई पार्क, नागाळा पार्ककडील उंच इमारतींत कामगारांना लिफ्टबंदी करणाऱ्या नोटिसा लागल्या होत्या. अवजड हत्यारे आणि शिडी घेऊन सहा मजले चढलेला माणूस दारात पोहोचतो तेव्हा त्याला धाप लागलेली असते, तो मास्क खाली ओढतो आणि तोंडाने मोठमोठे श्वास घेतो. म्हणजे ज्यासाठी बंदी केली तेच बिघडते. शिवाय १८९७ च्या साथरोग कायद्याखालील अधिकार महाराष्ट्रात जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांच्याकडे दिलेले होते, सोसायटीच्या कमिटीकडे नव्हते, हे चेअरमन-सेक्रेटरी मंडळींनी ध्यानात ठेवलेले बरे. एका वेळी एक किंवा दोन माणसे, सर्वांना सारखाच नियम, एवढे पुरेसे आहे.

घरात शिरल्यावर

पादत्राणे, ओला रेनकोट आणि हेल्मेट दाराबाहेर ठेवावे. आत आल्यावर पहिली मागणी बेसिनची करावी आणि साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा बहुतेक वेळा राहून जातात. कोविडच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण ते आवरण फोडतो, म्हणून साधा साबण येथे पुरतो, जंतुनाशक म्हणून विकला जाणारा खास साबण लागत नाही. सॅनिटायझर दुसऱ्या पसंतीचा समजावा. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असावे, आणि हातांवर तेल, ग्रीस किंवा चिखल असेल तर तो नीट काम करत नाही, जी अवस्था प्लंबरच्या हातांची नेहमीच असते.

दुसरी मागणी खिडक्या उघडण्याची करावी. शक्य असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि गॅलरीचे दार उघडावे म्हणजे वारा आरपार जातो. स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये काम असेल तर एक्झॉस्ट फॅन लावून ठेवावा. एसी बंद ठेवावा, कारण भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. घरातील एकाने काम दाखवावे आणि मग सर्वांनी दुसऱ्या खोलीत जावे. काम नीट होते की नाही हे पाहण्यासाठी कारागिराच्या खांद्याशी उभे राहण्याची अनेकांना सवय असते. त्याऐवजी काम झाल्यावर बोलवून दाखवायला सांगावे, आणि घरच्यांनीही त्या वेळात मास्क घातलेलाच असावा. काळजी एकट्या कारागिरानेच घ्यायची असते असा समज तेव्हा फार पसरलेला होता. वास्तविक तो दिवसाकाठी अनेक घरांची हवा श्वासात घेत असतो, त्यामुळे घरच्यांना त्याच्यापासून जेवढा धोका तेवढाच किंवा अधिक त्याला घरच्यांपासून असतो.

सिंकखालच्या कामाकडे जरा जवळून पाहावे. प्लंबर उताणा किंवा कुशीवर होऊन कपाटात डोके घालतो, एका हातात पाना आणि दुसऱ्यात बॅटरी असते. घामाने मास्क नाकावरून घसरतो, चष्म्यावर वाफ धरते आणि तो नकळत मनगटाने किंवा सांडपाण्यात भिजलेल्या बोटांनी मास्क वर ढकलतो. पुढच्या अर्ध्या तासात हेच वारंवार होते. याला उपाय असा की आत डोके घालण्यापूर्वीच नाकपट्टी दाबून तिच्यावर औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी आडवी लावावी, बॅटरी हातात न धरता डोक्याला बांधायची वापरावी, आणि मास्कला हात लावायची वेळ आलीच तर कपाटातून बाहेर यावे, हात धुवावेत, खिडकीशी जाऊन मास्क नीट करावा आणि मग परत जावे. दोन मिनिटे जातात, पण तेवढ्यात श्वासही मोकळा होतो.

वायरमनसाठी वेगळी सूचना आहे. सॅनिटायझर ज्वालाग्राही असतो आणि अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. हात पूर्ण कोरडे झाल्याखेरीज स्विचला, सोल्डरिंग गनला किंवा लायटरला हात लावू नये, आणि स्विचबोर्डवर कोणताही द्राव थेट फवारू नये. मेन बंद करून, कापडावर थोडा द्राव घेऊन पुसावे. गॅसच्या शेगडीचे काम करणाऱ्यांनी व एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडणाऱ्यांनी कामाच्या जागी सॅनिटायझर न वापरता साबणपाणीच वापरावे.

हातमोज्यांवरचा विश्वास मात्र जरा कमी करावा. मोजे घातलेला हात दाराची कडी, मोबाइल, मास्क आणि नाक या सर्वांना तितक्याच सहजतेने लागतो, आणि मोजे आहेत म्हणून माणूस हात धुणे विसरतो. घाण पाण्याच्या किंवा रसायनांच्या कामासाठी मोजे हवेतच, विषाणूसाठी हात धुणे अधिक भरवशाचे.

चहाचा प्रश्न

कोल्हापुरात घरी आलेल्या माणसाला चहा न देता पाठवणे बरे दिसत नाही, आणि आलेल्या माणसालाही नको म्हणणे जड जाते. परंतु दोन तास काटेकोर घातलेला मास्क चहाच्या पाच मिनिटांसाठी उतरतो, तेही घरच्यांच्या समोर बसून आणि बोलता बोलता, तेव्हा आधीची सारी काळजी पाण्यात जाते. कारागिराने पाण्याची बाटली स्वतःची आणावी आणि "वहिनी, साथ संपली की दोन कप घेतो" म्हणून हसून टाळावे. घरच्यांना फारच वाटत असेल तर चहा गॅलरीत किंवा जिन्यात नेऊन द्यावा आणि त्या वेळी कोणी जवळ थांबू नये.

याहून मोठा धोका कारागिरांच्या आपापसातील डब्याचा आहे. दोघे-तिघे मिळून काम करणारे गडी ग्राहकाच्या घरात मास्क घालतात आणि दुपारी टेम्पोच्या बंद केबिनमध्ये मांडीला मांडी लावून जेवतात. जेवण उघड्यावर, पार्किंगच्या कडेला, एकमेकांपासून दोन-तीन हातांवर बसून करावे; टेम्पोच्या काचा पावसातही चार बोटे खाली असाव्यात.

हत्यारे, जंतुनाशके आणि कचरा

हत्यारांची पिशवी घराच्या फर्निचरवर न ठेवता स्वतः आणलेल्या वर्तमानपत्रावर किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ठेवावी. पाना, पक्कड, टेस्टर, ड्रिल यांच्या मुठी ७० टक्के अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने पुसाव्यात. धातूच्या हत्यारांना ब्लीचचे पाणी लावू नये, गंज चढतो. घरचे स्टूल किंवा शिडी वापरली असेल तर तीही पुसून परत करावी.

नळाच्या चाव्या, दारांच्या कड्या, फरशी आणि संडासाच्या कडांसाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरतात, आणि येथे मापात फार गोंधळ होतो. बाजारात मिळणारे ५ टक्क्यांचे द्रावण २० मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालून एकूण एक लिटर केले की ०.१ टक्का तीव्रता मिळते आणि घरातील पृष्ठभागांना ती पुरते. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर साधारण ३० टक्के क्लोरिन असलेल्या पावडरीचे सुमारे ३ ग्रॅम एक लिटर पाण्याला लागतात. उघड्या पाकिटात महिनोन्महिने पडलेल्या पावडरीत दम उरलेला नसतो. द्रावण रोज ताजे करावे. पृष्ठभाग आधी साबणाने धुऊन मग द्रावण लावावे आणि दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. लावले आणि लगेच पुसले तर काही साधत नाही. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, एका पाठोपाठही वापरू नये. त्यातून क्लोरिन वायू सुटतो, आणि खिडकी बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कोविडच्या भीतीने दुप्पट-तिप्पट जंतुनाशके ओतली गेली तेव्हा हा धोका साथीइतकाच खरा होता.

वापरलेला मास्क आणि मोजे ग्राहकाच्या डस्टबिनमध्ये किंवा पार्किंगमध्ये टाकू नयेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोविडकाळातील सूचनेनुसार ते कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, कोणी पुन्हा वापरू नये म्हणून कापून, सुक्या कचऱ्यात द्यायचे असतात. पैसे क्यूआर कोडवर घेतले तर उत्तमच. रोख मिळाले तर घ्यावेत आणि हात धुवावेत, नोटांची धास्ती बाळगू नये.

पुरानंतर गाळ काढायला किंवा भिजलेले वायरिंग बदलायला जाणाऱ्यांसाठी येथेच एक गोष्ट सांगतो. त्या वेळचा धोका हवेतला नसून पाण्यातला असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या गाळातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याला मास्क काही करू शकत नाही. तेथे गमबूट, रबरी मोजे आणि पायावरच्या जखमांना पाणी न शिरणारी पट्टी लागते, आणि प्रतिबंधक गोळी घ्यावी का हे डॉक्टरांना विचारावे.

घरात रुग्ण असेल तेव्हा

विलगीकरणातील घरात जाणे टाळावे आणि काम पुढे ढकलावे. परंतु वरच्या मजल्यावरून पाणी वाहत आहे किंवा भिंतीला करंट येत आहे अशा वेळी थांबता येत नाही. तेव्हा कारागीर पोहोचण्याच्या अर्धा तास आधी सर्व खिडक्या उघडाव्यात, रुग्णाने वेगळ्या खोलीत दार लावून थांबावे आणि बाकीच्यांनी मास्क घालून गॅलरीत किंवा बाहेर जावे. कारागिराने एन-९५ घालूनच आत जावे, जुजबी काम करून धोका थांबवावा आणि उरलेली दुरुस्ती विलगीकरण संपल्यावर करावी. रुग्ण वापरत असलेल्या बाथरूममध्येच काम असेल तर आधी घरच्यांनी ते जंतुनाशकाने धुऊन एक्झॉस्ट फॅन चालू ठेवलेला असावा, आणि फ्लश झाकण लावून केलेला असावा. रुग्ण असल्याची गोष्ट लपवून कारागिराला बोलावणे हा मात्र सरळसरळ दगा आहे, मग नाते कितीही घरोब्याचे असो.

चार-पाच घरची कामे करणाऱ्या मावशींसाठी

धुणेभांडी, केरफरशी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका रोज त्याच घरांत जातात, रोज बराच वेळ थांबतात आणि त्यांना काम पुढे ढकलता येत नाही. त्यांची काळजी वेगळ्या रीतीने घ्यावी लागते. प्रत्येक घरात त्यांच्यासाठी एक धुतलेला ॲप्रन आणि एक नॅपकिन त्याच घरी ठेवलेला असावा. त्यांच्या वेळात घरच्यांनी स्वयंपाकघर मोकळे सोडावे आणि आधीच खिडकी उघडावी. खरकटी भांडी घासताना वेगळे जंतुनाशक लागत नाही, भांड्यांचा साबणच ते काम करतो. दिवसभर साबण, ब्लीच आणि पाणी यांत राहून हातांना भेगा पडतात आणि मग झोंबते म्हणून हात धुणे टाळले जाते. रात्री झोपताना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावले आणि ब्लीचसाठी रबरी मोजे वापरले तर हात टिकतात.

ज्या घरी आजारी माणूस आहे तेथील काम मावशींनी थांबवावे आणि त्या दिवसांचा पगार घरमालकाने कापू नये. यात औदार्य वगैरे काही नाही. पगार कापला जाईल या भीतीने ताप लपवला जातो, आणि लपवलेला ताप मग पाची घरांत पोहोचतो.

मावशींनी घरेलू कामगार म्हणून नोंदणीही करून घ्यावी. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, आणि एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध लावताना राज्य शासनाने दीड हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले ते नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांनाच. अपार्टमेंटमधील लिहित्या-वाचत्या माणसांनी त्यांना अर्ज भरून दिला तर तेवढी मदत पुष्कळ होते.

घरी परतल्यावर

चप्पल बाहेर, हात-तोंड साबणाने धुणे आणि कामाचे कपडे साध्या पावडरीत धुऊन उन्हात वाळत घालणे एवढे पुरते. अंघोळ केली तर चांगलेच, पण कामाच्या धुळीसाठी. विषाणूसाठी डोक्यावरून पाणी घेतलेच पाहिजे असे नाही. मोबाइल मात्र आठवणीने पुसावा, कारण दिवसभर हात धुऊनही तो तसाच राहिलेला असतो. घरात म्हातारी माणसे असतील तर साथीच्या ऐन दिवसांत त्यांच्याशेजारी बंद खोलीत झोपणे टाळावे.

लक्षणे दिसल्यास

ताप, घसादुखी, खोकला, वास न येणे किंवा दमल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी हातातले काम थांबवून घरी जावे आणि सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. घरी ऑक्सिमीटर असेल तर बोट कोरडे व उबदार करून, शांत बसून मोजावे. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा बोलताना धाप लागू लागली तर वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. सल्ल्यासाठी १०४ हा आरोग्य विभागाचा क्रमांक आहे.

यासाठी एक छोटी वही खिशात असावी आणि तिच्यात तारीख, इमारत, फ्लॅट, आत गेल्याची व बाहेर पडल्याची वेळ आणि कोण कोण समोर होते हे रोज लिहावे. १४ दिवसांमागची पाने फाडून टाकली तरी चालतील. तपासणीत संसर्ग निघाला तर लक्षणे सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून ज्या घरांत जाणे झाले त्यांना स्वतः फोन करावा, आणि जेथे एकाच खोलीत एकूण पंधरा मिनिटांहून अधिक वेळ जवळून संपर्क आला तेथे आधी करावा. फोन आल्यावर ओरडाआरडा करून त्या माणसाचे काम कायमचे बंद करणारे गिऱ्हाईक पुढच्या वेळी असा फोन येण्याची वाटच बंद करत असते, म्हणून घरच्यांनी तारीख विचारून घ्यावी, त्याच्या औषधपाण्याची चौकशी करावी आणि आपल्या घरातील सर्वांनी पाच दिवसांनी किंवा लक्षण दिसताच तपासणी करावी. सोसायटीच्या ग्रुपवर कारागिराचे नाव आणि फोटो टाकू नये. अमुक तारखेला तमुक विंगमध्ये आलेल्या कारागिराला संसर्ग निघाला आहे, त्या दिवशी संपर्क आला असल्यास तपासून घ्या, इतका मजकूर पुरेसा होतो.